लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेला राष्ट्रपतींचं निशाण कशासाठी मिळालं? ते तर जहाजही नाही!

युद्धनौकांची यंत्रं चालवणारे आणि दुरुस्त करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या घडवले म्हणून. हे निशाण, म्हणजेच 'प्रेसिडेंट्स कलर' हा सन्मान, फक्त जहाजांसाठी नसतो. सैन्यदलांतल्या तुकड्यांना आणि प्रशिक्षण संस्थांनाही तो दिला जातो, आणि 'आयएनएस' (इंडियन नेव्हल शिप) हे बिरुद नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळांनाही लागतं. १५ फेब्रुवारी १९४५ ला सुरू झालेल्या या संस्थेला पंचाहत्तरीच्या तोंडावर, १३ फेब्रुवारी २०२० रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी हे निशाण प्रदान केलं. समुद्र घाटाखाली राहिला तरी इथे डिझेल इंजिनं, गॅस टर्बाइन, बॉयलर सगळं हाताखालून जातं. आग आणि गळतीचा सरावही होतो: हलत्या कप्प्यात भोकांतून पाणी उसळत असताना लाकडी पाचरी ठोकून ते थांबवायचं. माझ्या मते खरी परीक्षा तीच, कागदावरची नव्हे.

फक्त एक लक्षात घ्या, हे निशाण संपूर्ण संस्थेचं असतं. इंजिनरूममधल्या एखाद्याच्या कामाची वैयक्तिक दखल नौसेना पदक किंवा विशिष्ट सेवा पदकातून घेतली जाते.