मांसाहाराचे पथ्य : कडक कुठे राहावे, सैल कुठे?

प्रश्न : मी ४७ वर्षांचा असून इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचे दुकान चालवतो. सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मोबाइलवरची काही व्याख्याने ऐकून गेले अडीच महिने मी फक्त मांस, अंडी, मीठ आणि पाणी एवढ्यावर राहतो आहे. वजन ९१ किलोवरून ८४ किलोवर आले. पथ्य शंभर टक्के पाळले नाही तर सगळे वाया जाते, असे ते व्याख्याते सांगतात. म्हणून मी हळद, आले-लसूण, चहा हेही सोडले. घरात माझ्यासाठी वेगळे पातेले चढते आणि त्यावरून रोज कुरबुर होते. सकाळी सहा अंड्यांचा पांढरा भाग, दोन्ही जेवणांत मिळून अर्धा किलो बिनकातडीचे उकडलेले चिकन आणि रविवारी बोकडाचे मटण, तेही चरबी काढून, असा माझा आहार आहे. महिनाभर जुलाब होत आहेत, जेवून उठलो तरी भूक राहते आणि उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. मधल्या काळात दोन-तीनदा पाहुण्यांकडे तांबडा रस्सा घेतला, त्यामुळे पथ्य मोडून हे होत असेल का? सोमवारी आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरात मांस शिजत नाही, तेव्हा काय करावे? सध्या ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या सुरू आहेत.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मी सर्वांत आधी घेते, कारण काळजी करण्यासारखी गोष्ट तिथे आहे. हा भाग आपल्याला दूरध्वनीवरून कळवला आहेच. अशाच गोळ्या घेणाऱ्या इतर वाचकांसाठी तो येथे पुन्हा देते.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधे रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. आहारातून भाकरी, भात, फळे, कडधान्ये सारेच गेले की शरीरातले इन्सुलिन उतरते आणि चरबी जाळून कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ तयार होऊ लागतात. त्यात या औषधाची भर पडली, तर कीटोन इतके वाढू शकतात की रक्त आम्लधर्मी होते. सर्वांत घातक बाब ही, की अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर जवळजवळ नेहमीसारखीच दिसू शकते, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे यांपैकी काही झाले, तर साखरेचा आकडा कितीही चांगला असो, थेट रुग्णालयात जावे आणि औषधाचे नाव सांगावे. ग्लिमेपिराइडचा धोका याच्या उलट बाजूचा आहे. आपण काय जेवलात याची वाट न पाहता ते इन्सुलिन बाहेर काढायला लावते आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. आपली अंधारी त्यामुळेही असू शकते. तेव्हा पुढची गोळी घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि त्यांची भेट होईपर्यंत दोन्ही जेवणांत भाकरी पुन्हा सुरू करावी. अडीच महिने पाळलेले पथ्य मोडले, असे वाटून घेऊ नये.

आता जुलाब आणि भूक यांकडे वळते. तांबड्या रश्श्याचा यात काही दोष नाही. आपल्या आहाराचा हिशेब मी मांडून पाहिला. सहा अंड्यांच्या पांढऱ्या भागातून जेमतेम १०० कॅलरी मिळतात आणि अर्धा किलो बिनकातडीच्या चिकनमधून साधारण ६००. म्हणजे उंचापुरा, दिवसभर दुकानात उभा राहणारा माणूस सातशे कॅलरींवर राहतो आहे आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग एकट्या प्रथिनांचा आहे. एकूण ऊर्जेच्या साधारण एक तृतीयांशाहून जास्त भाग प्रथिनांतूनच घेणे शरीराला फार काळ झेपत नाही.

ही गोष्ट नव्याने कळलेली नाही. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात इन्युइट लोकांबरोबर अनेक वर्षे काढलेले संशोधक विल्यालमुर स्टेफान्सन आणि त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर केवळ मांसाहार करण्याचे मान्य केले. सुरुवातीला डॉक्टरांनी स्टेफान्सन यांना मुद्दाम चरबी काढलेले मांस दिले. थोड्याच दिवसांत त्यांना जुलाब लागले आणि नेमके काय होते आहे ते सांगता येऊ नये अशी अस्वस्थता आली. मग चरबीदार मांस आणि चरबीत परतलेला भेजा त्यांच्या ताटात आला आणि ते सावरले. पुढे त्या दोघांचा रोजचा आहार साधारण १०० ते १४० ग्रॅम प्रथिने आणि २०० ते ३०० ग्रॅम चरबी असा राहिला. आपल्या पत्रातली लक्षणे आणि बेलव्ह्यूच्या त्या पहिल्या दिवसांतली लक्षणे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आपल्याकडे ही चूक विशेष सहज होते, याचे एक कारण आहे. ही व्याख्याने बहुतेक अमेरिकेतून येतात आणि तिथे मांस म्हटले की पांढऱ्या चरबीच्या रेघा असलेला गाईच्या मांसाचा जाड तुकडा समोर असतो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि बैलांच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे. आपले मटण म्हणजे बोकडाचे, आणि ते मुळातच चरबीला कमी असते. त्यातून खाटकाने तराजूत टाकण्यापूर्वी उरलीसुरली चरबीही काढायला लावली, तर पातेल्यात नुसते प्रथिनच शिजते. पुढच्या रविवारी एक करून पाहावे. सीना आणि नळी मागून घ्यावी, मीठ घालून नेहमीचे अळणी, म्हणजे मसाल्याविना उकडलेले मटण, शिजवावे आणि त्यातले वाटीभर पाणी रात्री फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी वर पांढरा घट्ट थर धरला असेल, तर त्या मटणात चरबी होती. आपल्या उकडलेल्या चिकनच्या पाण्यावर असा थर धरत नाही, हे शेजारी दुसरी वाटी ठेवली की डोळ्यांनी दिसेल. अंड्याचा पिवळा भाग फेकून देणे तर ताबडतोब थांबवावे. कलेजी आठवड्यातून एकदा, १०० ग्रॅमपर्यंत, पुरेशी आहे. तिच्यात अ जीवनसत्त्व इतके असते की रोज खाणे बरे नव्हे. उभे राहिल्यावर येणारी अंधारी पाणी आणि मीठ शरीरातून जास्त गेल्यानेही येते. रक्तदाबाची गोळी सुरू असेल, तर तिचीही मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

राहिली हळद. एक ग्रॅम हळदीत पाऊण ग्रॅमहूनही कमी कर्बोदके असतात, आणि चौघांच्या भाजीत मिळून ती पडते अर्धा चमचा. एका मध्यम कांद्यात आठ-दहा ग्रॅम असतात, ते चार ताटांत वाटले जातात. मधुमेह आणि वजन या दोन कारणांसाठी हे पथ्य असेल, तर घरच्या पातेल्यातली हळद, आले, लसूण, कांदा-लसूण चटणी यांनी काहीही बिघडत नाही. वेगळे पातेले आजच बंद करावे. ज्या पथ्यापायी घरात रोज वाद होतो आणि जे पाळणाऱ्याला पाहुण्यांकडे दोन घास खायलाही अपराधी वाटते, ते पथ्य वर्षभर टिकल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. मांसाहाराच्या पथ्यालाही सोवळ्या-ओवळ्याचे रूप आले की माणूस आपली तब्येत पाहायची सोडून शिवाशिव मोजत बसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मात्र कडकपणाला काही अर्थच नाही, असे मी म्हणत नाही. तो कारणावर ठरतो. अपस्माराच्या मुलांना औषधांनी गुण येत नाही तेव्हा कीटोन वाढवणारा आहार दिला जातो; १९२१ पासून ही उपचारपद्धती आहे, आणि तिथे एखादे बिस्किटही झटके परत आणू शकते, म्हणून दर घास वजन करून द्यावा लागतो. सीलिअॅक रोगात गव्हाचा कणही चालत नाही आणि हे पथ्य जन्मभराचे असते. अशा घरात डबीतल्या हिंगाकडेही पाहावे लागते, कारण बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. ज्यांना कशाने तरी पोट फुगते, दुखते, पण नेमके कशाने ते कळत नाही, त्यांनी तीन-चार आठवडे खरोखर कडक राहून नंतर एकेक पदार्थ परत आणणे यात तर्क आहे. कांदा आणि लसूण यांतल्या फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकाने अनेकांना त्रास होतो, आणि तो असा प्रयोग केल्यावरच सापडतो. तिथे चिमूटभर लसूणही प्रयोग बिघडवते. पण त्या प्रयोगाला शेवटची तारीख असते. आपल्या पथ्याला ती नाही आणि आपले कारणही ते नाही.

आपण कडक राहावे ते अशा ठिकाणी, जिथे व्याख्यात्यांनी आपल्याला सैल सोडले आहे. गोठवलेले कबाब, सॉसेज, नगेट्स यांत स्टार्च आणि सोया घातलेले असते, पाकिटावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय ते कळत नाही. शिवाय प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. हॉटेलातल्या चिकन ६५ ला कॉर्नफ्लोअर लावलेले असते. आणि दर तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या कधीही चुकवू नयेत : एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, युरिक अॅसिड आणि लघवीतले अल्ब्युमिन. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत किमान सहा महिने मांसाहारावर राहिलेल्या २,०२९ प्रौढांनी स्वतः दिलेली माहिती गोळा केली होती. बहुतेकांनी आपण समाधानी असल्याचे सांगितले, परंतु ज्यांनी तपासणीचे आकडे दिले त्यांच्या एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा मध्यांक १७२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे बराच वर होता. मधुमेह असलेल्या माणसाने हा आकडा सहज सोडून देऊ नये.

म्हणूनच जन्मभर केवळ मांस, असे मी आपल्याला सुचवणार नाही. मासे, अंडी, चिकन, मटण हे ताटाचे मुख्य अंग ठेवून सोबत मेथी, पालक, शेपू, दोडका, कोबी अशी भाजी दोन्ही वेळा वाटीभर घ्यावी. साखरेवर तिचा भार पडत नाही आणि पोटही जागेवर येते. सोमवार आणि मार्गशीर्षातला गुरुवार तर मला अडचण वाटतच नाही. पनीर, दही, ताक, तूप आणि भाजी यांवर तो दिवस छान निघतो. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी मात्र टाळावी, कारण १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात, आणि महिन्यातले असे चार-पाच उपवास हळदीपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतात.

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्याचे. मांसाहारी पथ्यात मासे धरावेत का? कोकम, तिरफळ आणि नारळ चालतील का? सुके मासे खावेत का?
— एक वाचक भगिनी, वेंगुर्ले

उत्तर : मासे अवश्य धरावेत, माझ्या मते या पथ्यात तेच सर्वांत चांगले. बांगडा आणि तारली यांत चांगली चरबी भरपूर असते, त्यामुळे वरच्या वाचकांसारखी स्थिती सहसा होत नाही. केवळ मांसावर राहणाऱ्यांना कॅल्शियम कमी पडते, बेलव्ह्यूच्या प्रयोगातही ते कमीच होते. मांदेलीसारखे काट्यांसकट चावून खाता येणारे लहान मासे ती उणीव बरीच भरून काढतात. कोकम आणि तिरफळ निश्चिंतपणे घालावे. नारळाचे वाटण आमटीला लागते तेवढे घातल्यानेही काही बिघडत नाही. तळताना रवा किंवा तांदळाचे पीठ मात्र लावू नये. हळद, मीठ, मिरची आणि आगळ चोळून तव्यावर थोड्या तेलात भाजलेला बांगडा तसाच उत्तम लागतो. सुक्या माशांत मीठ फार असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी ते दोन-तीन पाण्यांत भिजवून घ्यावेत आणि आठवड्यातून एखाद्या वेळीच खावेत.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. व्यायामशाळेत जाऊ लागल्यापासून त्याने पोळी-भात सोडला असून फक्त अंडी आणि चिकन खातो. त्याला किती कडक राहू द्यावे? माझी धाकटी बहीण बाळंत होऊन दोन महिने झाले आहेत, तीही वजन उतरवण्यासाठी हेच सुरू करायचे म्हणते.
— एक आई, पुणे

उत्तर : दोघांनाही हे पथ्य करू देऊ नये. मुलगा वाढीच्या वयात आहे. त्याला प्रथिने हवीत हे खरे, पण ती पोळी-भात, डाळ, भाजी यांच्या जोडीने हवीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी असतात. व्यायाम करणाऱ्या मुलाने त्याहून बरीच जास्त घेतली, तरी ती चार अंडी, दोन वाट्या डाळ, दही आणि दीडशे ग्रॅम चिकन एवढ्यात सहज भागतात. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा रोज संध्याकाळी व्यायामानंतर ताटात चिकनच्या शेजारी गरम भाकरी वाढावी.

बहिणीच्या बाबतीत मी अधिक ठाम आहे. अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरातून दुधावाटे साखर सतत जात असते. अशा काळात कर्बोदके जवळजवळ बंद केल्यामुळे कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी झाल्याची आणि आईला अतिदक्षता विभागात ठेवावे लागल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. तिने बाळ अंगावर पीत असेपर्यंत तिन्ही जेवणे पूर्ण घ्यावीत. उलट्या, धाप किंवा विलक्षण थकवा जाणवला, तर आपण अंगावर पाजत आहोत आणि भाकरी-भात बंद केला होता, या दोन्ही गोष्टी तिने डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगाव्यात.