लोक बँक सोडून पतसंस्थेत पैसे का ठेवतात? जास्त व्याजाच्या मोहाने का? आणि ते पैसे सुरक्षित असतात का?

मोहाने नाही. निदान पिग्मीवाले, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे एजंटाकडे जमा करणारे, तरी नाही. माझे वडील, आप्पा, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बारा वर्षं पिग्मी एजंट होते, त्यामुळे "मोह" शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. राष्ट्रीयीकृत बँकेत असलेल्या आमच्या मामांचंही हेच पालुपद होतं. "व्याजाला भुलतात आणि मग रडत बसतात."

पिग्मीला व्याज ते किती? आप्पांच्या पतसंस्थेत वर्ष भरलं तर चार टक्के. सहा महिन्यांच्या आत मोडलं तर काहीच नाही, उलट रक्कम कापून घ्यायचे. लोक पैसे द्यायचे ते आप्पा रोज संध्याकाळी भाजीच्या हातगाडीपाशी येऊन उभे राहायचे म्हणून. कनवटीला राहिलेले वीस रुपये घरी पोचेपर्यंत टिकत नाहीत, हे भाजीवालीला कळायचं, मामांना नाही. बँकेत खातं उघडायचं तर तेव्हा जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची. ती आणायची कुठून? आणि वीस रुपये भरायला भरदुपारी गाडी कोणाच्या भरवशावर सोडायची? गंमत म्हणजे ही पिग्मी काढली एका बँकेनेच. पुढे जी सिंडिकेट बँक झाली तिने, 1928 साली, उडुपीकडे, रोजच्या दोन आण्यांवर.

2007 च्या उन्हाळ्यात आमची पतसंस्था बसली. संचालकांनी सग्यासोयऱ्यांना कर्जं वाटली होती, ती परत आली नाहीत. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मुलीचं लग्न काढलेली एक भाजीवाली मावशी पिग्मीचं कार्ड घेऊन आमच्या दारात आली. साडेसहा हजार जमले होते. ओरडली नाही. कार्ड पुढे करून एवढंच म्हणाली, "सही तुझीच आहे ना रे भाऊ?" रोजच्या वीस रुपयांपुढे आप्पांचीच सही होती.

लग्न तिने सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी उचलून केलं. आप्पा दुसऱ्या दिवसापासून पुन्हा संध्याकाळी तिच्या गाडीवर जायला लागले, या वेळी वीस रुपये द्यायला. त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला तारीख घालायचे आणि ती अंगठा उठवायची. अकरा-बारा महिने हे चाललं. सगळ्यांचे फेडले असं मी म्हणणार नाही. दीडशेच्या वर खातेदार होते, फेडले ते फक्त पाच जणांचे. बाकीच्यांच्या दुकानांवरून जायला नको म्हणून आप्पा बाजारपेठ सोडून नाल्याकडच्या रस्त्याने घरी यायचे.

आता सुरक्षिततेचं. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. तेव्हा ते 1 लाखाचं होतं, 2020 पासून 5 लाखांचं आहे. सहकारी बँकही त्यात येते. पतसंस्था येत नाही, फायनान्स कंपनीतली ठेवही येत नाही. पतसंस्थेवर देखरेख सहकार खात्याची असते, रिझर्व्ह बँकेची नाही. पाटीवर काय लिहिलंय ते नीट वाचा, "सहकारी" शब्द दोन्हीकडे असतो. ठेवीदारांसाठी 1999 चा राज्याचा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्तही होते, पण जप्ती, लिलाव, वाटप होईपर्यंत मुलीची मुलं शाळेत जायला लागतात. ठेवायचेच असतील तर संस्थेला ऑडिटमध्ये मिळालेला वर्ग विचारा, "अ" सगळ्यात चांगला. "क" किंवा "ड" ऐकलं की उठून या.

2014 पासून जनधनमुळे खातं सगळ्यांचं झालं, हे खरं आणि चांगलंच झालं. त्या मावशीकडेही पासबुक आहे. पण रोजचे वीस रुपये न्यायला संध्याकाळी तिच्या गाडीपाशी येतं कोण? माझ्या मते बँकेने माणूस पाठवला असता तर पतसंस्था निम्म्याही चालल्या नसत्या. काही पतसंस्था चोख आहेत, सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका, हेही सांगून ठेवतो.

आणि हो, मोहाने पैसे ठेवणारेही होते. ते पिग्मीवाले नव्हते, तेरा टक्क्यांच्या मुदत ठेवीवाले होते. आमच्या मामींच्या नावाची एक पावती त्यात होती. संस्था बसायच्या दोन महिने आधी ती मोडली गेली. एक संचालक मामांसोबत रोज सकाळी फिरायला जायचे.