घरखर्च आणि कचरा दोन्ही कमी करायचे आहेत. आधी काय विकत घेऊ?

काचेच्या बरण्या, कापडी पिशव्या, बांबूचे ब्रश अशी यादी तुम्ही दिली आहे आणि यातलं आधी काय घेऊ, असं विचारलंय. काहीच घेऊ नका. निदान पंधरा दिवस तरी. मीही बरण्यांपासूनच सुरुवात केली होती. पैसे तर गेलेच, शिवाय प्लास्टिकचे धडधाकट डबे टाकून दिले. कचरा कमी करायच्या नादात पहिल्याच दिवशी कचरा वाढवला!

त्यापेक्षा कचऱ्याच्या डब्याजवळ एक वही अडकवा. काय टाकलं, किती टाकलं आणि का टाकलं, एवढंच लिहायचं. 'का'चा रकाना गाळू नका, खरी गोम तिथेच असते. आमच्या वहीत पंधरा दिवसांत पालेभाजी पाचदा आली आणि पाचही वेळा कारण एकच: फ्रिजमध्ये आहे हे विसरलो. आम्हीच वेंधळे असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४चा अहवाल सांगतो की २०२२मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं आणि दुकानं त्याच्या मागे.

मग फ्रिजचा डोळ्यांसमोर येणारा कप्पा रिकामा केला. उरलेलं, उघडलेलं, मऊ पडायला लागलेलं सगळं तिथेच ठेवायचं आणि स्वयंपाकाला लागताना आधी तो कप्पा बघायचा. पालेभाजी न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवतो. शेजारी सफरचंद किंवा केळी नकोत. पिकताना त्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि पानं लवकर पिवळी पडतात. आणखी एक, पाकिटावरचं 'बेस्ट बिफोर' ही चव आणि दर्जाची तारीख असते. ती उलटली म्हणजे माल लगेच खराब झाला असं नाही. 'यूज बाय' मात्र गंभीरपणे घ्या.

विजेच्या बाबतीत आमचं लक्ष भलतीकडेच होतं. दिवा चालू राहिला की घरात आरडाओरडा, पण गरम पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळजवळ ०.६ युनिट वीज लागते. तेवढ्यात ९ वॅटचा एलईडी दिवा साठ तासांहून जास्त जळतो. तेव्हा आंघोळीची पाच मिनिटं कमी करा, कपडे साध्या पाण्यात धुवा आणि दिव्यावरून भांडणं बंद करा.

गळका नळ असेल तर खाली मापाचा पेला ठेवून बघा. आमचा नळ दहा मिनिटांत १०० मिली गळत होता, म्हणजे दिवसाला १४ लिटर आणि वर्षाला पाच हजारांवर. नवीन वायसर टाकला आणि काम झालं. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका. पंधरा मिनिटांत फ्लश न करता भांड्यात रंग उतरला, तर तिथेही गळती आहे.

घरी साबण करण्याच्या फंदात मात्र पडू नका. माझे तीन प्रयत्न सरळ कचऱ्यात गेले, तेही वहीत लिहिलेत.

पंधरा दिवसांनी तुमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा काय आलं ते इथे कळवा. बरण्यांचं मग बघू.