टीव्हीला संगणक जोडताना
टीव्ही गेमिंगसाठी मॉनिटर म्हणून वापरणार असाल, तर सर्वप्रथम त्यातील गेम मोड सुरू करा, कारण चित्र गुळगुळीत दिसावे म्हणून टीव्ही जी प्रक्रिया करतो, तिच्यामुळेच माउस हलवल्यावर कर्सर मागाहून सरकतो. मग संगणक ज्या एचडीएमआय इनपुटला जोडला आहे, त्याला टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पीसी’ असे नाव द्या. अनेक टीव्ही तेव्हाच रंगांची पूर्ण माहिती दाखवतात, अन्यथा काळ्यावरची लाल अक्षरे कडांना फाटल्यासारखी दिसतात, आणि गेममधला बारीक मजकूर वाचताना हे फार जाचते. टास्कबार कापला जात असेल, तर ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र किंचित मोठे करून कडा कापणे, बंद करा. फोर-के चित्र पूर्ण रंगांसह १२० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणारे, हवे असेल, तर टीव्ही आणि ग्राफिक्स कार्ड या दोहोंना एचडीएमआयची २.१ ही आवृत्ती लागते; टीव्हीचे सगळेच पोर्ट तसे नसतात, म्हणून पोर्टशेजारची खूण वाचूनच केबल लावा.