50 पाउंडच्या कंपाउंड बोसाठी फिक्स्ड ब्रॉडहेड घ्यावेत की मेकॅनिकल?

फिक्स्ड. ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाचं पात्यांचं टोक; फिक्स्डची पाती कायम उघडी असतात, मेकॅनिकलची बाण लागल्यावर उघडतात. माझाही बो (धनुष्य) 50 पाउंडचाच आहे, म्हणजे ओढायला तेवढाच जोर लागणारा, म्हणून लिहितोय, 70 पाउंडवाल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

मला मेकॅनिकल घ्यायला लावले माझ्या मेव्हण्याने. म्हणे दोन इंची जखम होते, फील्ड पॉइंटसारखे (सरावाच्या बिनपात्यांच्या टोकांसारखे) सरळ जातात, थोडं इकडेतिकडे लागलं तरी निभावतं. घेतले. पहिल्याच सीझनला हरीण 22 यार्डांवर, जरा तिरकं उभं, मी वर मचाणावर. बाण लागल्याचा आवाज आला पण आरपार काही गेला नाही, अर्धा बाहेर लटकत असतानाच ते पळालं. अर्धा तास थांबून उतरलो तर पानांवर मोहरीएवढे तीन थेंब, बस. चाळीसेक पावलांवर बाण गळून पडलेला, एक पातं पूर्ण उघडलेलं, दुसरं अर्धवट आणि त्यात केस अडकलेले. रात्रभर टॉर्च घेऊन रांगत शोधलं, सकाळी परत शोधलं, नाही मिळालं. वरून मारलेला बाण खालून बाहेर पडला नाही की रक्त आतच साचतं, मग माग कशाचा काढणार?

साधं गणित आहे हो. पाती उघडायला आणि दोन इंच रुंद कापत जायला जो जोर लागतो तो बाणाच्याच जोरातून जातो. माझा 400 ग्रेन वजनाचा बाण सेकंदाला 220 फूट वेगाने जातो, म्हणजे जोर (ऊर्जा) जेमतेम 43 फूट-पाउंड. 450 ग्रेन 270 ने सोडणाऱ्याकडे 70 च्या वर असतात, त्याला उधळपट्टी परवडते.

मग 100 ग्रेनचे तीन पात्यांचे फिक्स्ड आणले, तर 30 यार्डांवर फील्ड पॉइंटच्या चार इंच डावीकडे लागायला लागले. मेव्हणा खूश, ‘बघ, सांगितलं होतं!’ अरे पण हेडचा दोष नाही, बोच ट्यून (नीट जुळवलेला) नव्हता. रेस्ट, म्हणजे बाण टेकतो तो भाग, 1/32 इंच उजवीकडे सरकवला, परत तेवढाच, दोन्ही एका जागी. साइटला (नेम धरायच्या खुणेला) हातही लावला नाही.

हां, बो दमदार असेल आणि सावज अगदी आडवं उभं असेल तर मेकॅनिकलही चालतात. काही ठिकाणी त्यांना बंदीही असते, तेवढं बघा. आणि सरावाला वापरलेलं हेड धार न लावता शिकारीला नेऊ नका.

मेव्हणा अजून म्हणतो, तुझा शॉटच थोडा चुकला होता. चुकला असेलही, पण थोडं चुकलं तर निभावतं म्हणूनच तर त्याने ते घ्यायला लावले होते ना!