प्रश्न तुमचे: रुपया खरा की ओतीव?

प्रश्न: व्हिक्टोरिया राणीचा 1862 चा रुपया घ्यायचा आहे. विकणाऱ्याने चुंबक लावून दाखवला, नाणे चिकटले नाही. एवढ्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर: ठेवू नये. पितळ, जर्मन सिल्व्हर, शिसे यांतले काहीच चुंबकाला चिकटत नाही. उलट 1947 चा अस्सल रुपया निकेलचा असल्याने चिकटतो! म्हणजे ते नाणे मुळात कशाचे असायला हवे, हे आधी माहीत पाहिजे. 1862 चा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात चांदी 91.7 टक्के. 1940 ते 1945 च्या रुपयाचे वजन तेच, पण चांदी निम्मीच.

वजन 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर करा. वापरलेले नाणे झिजून थोडे हलके भरते, त्यात वावगे नाही. ठरल्यापेक्षा जड भरले तर मात्र शंका घ्या, कारण झिजून वजन वाढत नाही.

मग घनता काढा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे हाताने धरा. तळाला किंवा काचेला ते टेकता कामा नये. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे नाण्याचे घनसेंटिमीटरमधले आकारमान. त्याने नाण्याच्या वजनाला भागा. 1862 च्या रुपयाला आकडा 1.13 च्या आसपास येतो, म्हणजे घनता साधारण 10.3. तांबे-निकेलची नक्कल त्याच वजनाची असली तर 1.31 दाखवते.

नवख्यांचा आकडा बहुतेक दोन कारणांनी चुकतो. कडेवरच्या दात्यांत हवेचे बुडबुडे अडकतात किंवा नाणे तळाला टेकते. दोन्हींत आकडा वाढतो आणि अस्सल नाणे खोटे ठरते. बुडवल्यावर दोरा हलकेच झटकावा आणि तीनदा मोजावे.

प्रश्न: जुने लोक नाणे फरशीवर वाजवून घेत. ते चालेल का?

उत्तर: खणखणीत नाद चांदीचा असतो खरा, पण बारीक तडा असलेले अस्सल नाणेही बद्द वाजते. शिवाय आपटल्याने कड ठेचते, ती किंमत कशाला द्यायची?

प्रश्न: वजन आणि घनता दोन्ही जुळले, तर नाणे खरे समजावे का?

उत्तर: धातू खरा, एवढेच ठरले. चांगल्या चांदीचीही बनावट नाणी असतात. पुढची तपासणी 10 पट भिंगाखाली, आणि ती करताना शेजारी त्याच प्रकारचे खात्रीचे नाणे ठेवावे. तारीख 1862 च ठेवून टाकसाळीने पुढे बरीच वर्षे रुपये पाडले, त्यामुळे ठशांचे प्रकार अनेक आहेत. भलत्याच प्रकाराशी तुलना केली तर खरे नाणेही वेगळे वाटेल.

ठशाने पाडलेल्या नाण्यात अक्षरांची बाजू सपाटीपासून एकदम उभी राहते. ओतीव नाण्यात तो कोपरा गोलसर होतो, जणू अक्षरावरून साबणाचा हात फिरला आहे. सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. धातू थिजताना आकसतो, म्हणून अस्सल नाण्यावरून घेतलेल्या साच्यातली नक्कल किंचित लहान भरते. कड सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त वेळ पाहा. साच्याच्या दोन भागांची रेघ तिथेच पडते आणि ती घासून काढली असेल तर कानशीचे ओरखडे दात्यांना आडवे दिसतात.

त्याच विक्रेत्याकडे दोन नाणी असतील तर दोन्ही मागा. राणीच्या गालावर तोच ओरखडा, त्याच जागी, दोन्हींवर दिसला तर तो वापराचा नाही, साच्यातून आलेला आहे.

साल दुर्मीळ असेल तर आणखी एक तपासणी करावी. 1939 चा रुपया हे त्याचे ठळक उदाहरण. इथे नाणे खरे आणि शेवटचा आकडाच कोरून बदललेला असू शकतो. वजन, घनता, कड सारे बरोबर येईल. म्हणून त्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग बाकीच्या सपाटीपेक्षा खोल, खरवडलेला किंवा जास्त चकचकीत आहे का ते तिरक्या उजेडात पाहा. काळपटपणा मुद्दाम चढवलेला असेल, तर तोही नेमका त्याच भागात वेगळ्या छटेचा असतो.