मी ख्रिस्ती नाही, तरी ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा वाचाव्यात का?

तुमचा प्रश्न असा, की इंग्रजीतल्या १९००-१९२०च्या काळातल्या ख्रिस्ती प्रेमकथा वाचायच्या आहेत, पण तुम्ही ख्रिस्ती नाही; मग उपदेश फार होईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

वाचा की. मीही ख्रिस्ती नाही, आणि वीसेक वर्षं वाचतेय. उपदेश असतो, हे आधीच सांगून टाकते. काही पुस्तकांत इतका, की पानं उलटत पुढे जावं लागतं.

माझी सुरुवात काविळीने झाली. हॉस्टेलवर तीन आठवडे पडून होते, उसाचा रस आणि ताकभातावर. रूममेट नगरची, तिच्या घरी तीन पिढ्या ख्रिस्ती. तिने उशाशी एक जाडजूड पुस्तक आणून ठेवलं, कॅथरिन मार्शलचं ‘ख्रिस्टी’. पुस्तक १९६७चं, गोष्ट १९१२ची. एकोणीस वर्षांची मुलगी सुखवस्तू घर सोडून अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरात मिशनच्या शाळेत शिकवायला जाते. गाडीतून उतरल्यावर टपालवाल्याच्या मागोमाग बर्फातून मैलोन्‌मैल पायपीट. आणि वर्गात पोरांच्या अंगाचा वास सोसवेना, म्हणून बाई अत्तर लावलेला रुमाल जवळ बाळगतात! मला वाटलं होतं, सेवेला निघालेली मुलगी म्हणजे पहिल्या पानापासून संत. ही तर नाक दाबून शिकवत होती. तिथेच मी अडकले.

पुढे टायफॉइडची साथ येते, जिवाभावाचं माणूस जातं, आणि ती देवाशी चक्क भांडते. ते भांडण लेखिकेने घाईघाईने मिटवलेलं नाही. तेव्हापासून माझी कसोटी ठरली आहे: श्रद्धेपायी नायिकेला काही गमवावं लागतं का? लागत असेल तर पुस्तक तुम्हाला धरून ठेवेल, तुमचा धर्म कोणता का असेना. प्रार्थना केली की लगेच पाऊस, पैसा आणि नवरा मिळत असेल, तर ठेवून द्या.

या प्रकारात चुंबनापलीकडे काही नसतं, शिव्याही नसतात. मग ओढ कसली? तर अडथळ्याची. विश्वास नसलेल्याशी जोडी जुळवू नये, असं बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलंय. त्यात उपमा जुवाची आहे, विजोड बैलांसारखी. त्यामुळे नायक देखणा, कर्तबगार, पण देव न मानणारा असला की झाली गोची. आपल्याकडे जात, पत्रिका, हुंडा आडवा येतो, तसं इथे हे. कमअस्सल लेखक शेवटून दुसऱ्या प्रकरणात नायकाला गुडघ्यावर आणतात आणि सुटतात. तेवढं मात्र मला अजून पचत नाही.

आणि हा काळ या प्रकाराला फारच सोयीचा. आजची गोष्ट असेल तर दोघं लांब का राहतात, याचा लेखकाला खुलासा करत बसावा लागतो. १९१२त त्याची गरजच नाही. शिवाय मुली नुकत्या घराबाहेर पडू लागलेल्या: शिक्षिका, नर्स, टायपिस्ट, टेलिफोन ऑपरेटर. रेल्वे आहे, मोटार नुकती आली आहे, पण पत्राची वाट पाहावीच लागते. पुढे १९१४चं युद्ध, १९१८चा इन्फ्लुएंझा. ताटातुटीची कारणं लेखकाला फुकटात मिळतात.

थोडं हलकं हवं असेल तर जॅनेट ओक यांचं ‘व्हेन कॉल्स द हार्ट’ (१९८३). टोरंटोची शिक्षिका कॅनडातल्याच अल्बर्टाच्या माळरानावर जाते, घोडेस्वार पोलिसाच्या प्रेमात पडते. पुढची पुस्तकं त्यांच्या संसाराची आहेत. प्रेमकथेत हे विरळा, मला आवडतं. त्याच नावाच्या टीव्ही मालिकेवरून पुस्तकाचा अंदाज बांधू नका, ती बरीच वेगळी आहे. आणि पैसे घालवायचे नसतील तर ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल. बाई त्याच काळात लिहीत होत्या, म्हणजे त्यांच्या लेखी ते ‘ऐतिहासिक’ नव्हतंच. ‘द एन्चान्टेड बार्न’ (१९१८) प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं: आजारी आई, पाठची भावंडं, आणि भाडं परवडत नाही म्हणून दगडी गोठ्यात बिऱ्हाड थाटणारी टायपिस्ट मुलगी. उपदेश भरपूर, पण गोठ्याचं घर होतानाची पानं मी दोनदा वाचली.

मराठी वाचकाला एक आगाऊ फायदा आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलं असेल, तर धर्म नवरा-बायकोच्या मधे येऊन बसतो म्हणजे काय, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली वर्षं त्यांनी ज्या मिश्कीलपणे लिहिली आहेत, तो मिश्कीलपणा या इंग्रजी पुस्तकांत शोधू नका. सापडत नाही.

तेव्हा आधी ‘ख्रिस्टी’च घ्या. तिच्यामागे एक पाळक आणि एक देव न मानणारा डॉक्टर, असे दोघं असतात. (मी ‘पाद्री’ म्हणायचे, रूममेटने दुरुस्त केलं.) ख्रिस्टी ही लेखिकेच्या आईवरून बेतलेली, आणि आईने खऱ्या आयुष्यात लग्न केलं ते पाळकाशी. रूममेट अजून तोच मुद्दा पुढे करते. मी डॉक्टरच्या बाजूची. वाचून झालं की तुम्ही कोणाच्या बाजूला ते कळवा, तिला सांगते.